मांडवाआडची खोली

ओळंबा अजून हलत होता. अगदी बारीक, नीट बघितलं तरच कळावं इतका, पण हलत होता. मांडवाच्या आडव्या बांबूला काल संध्याकाळी ठेकेदार श्रीपतनं अडकवलेला आणि तिथेच विसरलेला, दोरीच्या टोकाला पितळेचा जड गोळा… आणि सुधाकर हातात चहाचा कप धरून त्याच्यासमोर उभा होता, हा एकदा थांबला की मग चहा प्यायचा असं मनाशी ठरवून. का ठरवलं होतं, देव जाणे. सकाळपासून तो असलंच काहीबाही ठरवत होता — दूधवाल्यानं फाटक वाजवायच्या आत आपले दात घासून झाले तर आज कोणीही येणार नाही. सुहासिनीची पहिली पोळी फुगली तर आधी लेक संपदा येईल आणि मग महापालिकेचा माणूस, नाही फुगली तर उलट. पोळी अर्धीच फुगली. अर्ध्या फुगलेल्या पोळीचं काय करायचं याचा नियम त्यानं केला नव्हता, आणि नियम नसला की सुधाकरचं पाऊल पुढं पडत नाही.

आयुष्यभर नियमांचंच तर खाल्लं. विमा कंपनीच्या दावे विभागात बसून लोकांच्या जळालेल्या दुकानांचे, ठोकलेल्या गाड्यांचे अर्ज वाचायचे आणि पॉलिसीच्या पाठीमागच्या बारीक अक्षरांत ते नेमकं वाक्य शोधायचं, ज्यामुळे त्या माणसाला काहीच देता येत नाही. ते सापडलं की कसं शांत वाटायचं… निवृत्त झाल्यावरही सवय गेली नाही. औषधाच्या खोक्यातला घडी केलेला कागद तो औषधाआधी वाचतो. लग्नाच्या हॉलमध्ये अक्षता पडत असताना 'येथे चप्पल ठेवू नये' हे वाचून त्यानं एकदा नवरदेवाच्या काकांना उठवलं होतं. सुहासिनी म्हणते, तुम्ही वर गेलात की आधी स्वर्गाचा माहितीफलक वाचाल, मग आत जायचं की नाही ते ठरवाल.

आणि असा हा माणूस — म्हणजे मी, दुसरा कोण — वसईतल्या सांडोरमध्ये स्वतःच्या घराच्या बाजूला, जिथं एक वीटसुद्धा ठेवायची नाही तिथं, आख्खी खोली बांधून, तिच्यावर लग्नाचा मांडव घालून, सोमवारी सकाळी गार झालेला चहा हातात धरून उभा आहे.

हे झालं संपदामुळे. नाही, तिला का बोल लावायचा, ती बिचारी काहीच म्हणाली नव्हती. पुण्याला ज्या मैत्रिणीबरोबर ती राहायची तिचं लग्न झालं, भाड्याची जागा सोडायची वेळ आली, कंपनीनं सांगितलं की काम घरून केलंत तरी चालेल. आता एक तर इथं यायचं, नाहीतर बंगळूरला कोणाकोणाबरोबर जागा घ्यायची. तेहतीस वर्षांची मुलगी फोनवर म्हणाली होती, "बाबा, येऊन बघते. पण मला दार लावून बसता येईल का? दिवसभर मीटिंग असतात. आपल्या घरात दारच नाहीये." हे खरं होतं. घराला पुढचं दार होतं, मागचं होतं, न्हाणीघराला होतं. पण दोन खोल्यांच्या मध्ये होता पडदा, आणि पडद्याच्या अलीकडून सुहासिनी पलीकडे बघून सांगू शकायची की कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या. "आणि आईला सांगा," संपदा पुढं म्हणाली, "लग्नाचा विषय निघाला की त्याच पावली परत." फोन स्पीकरवर होता. "नाही गं काढत," सुहासिनी शेजारून म्हणाली आणि तोंडावर हात ठेवून बसली.

एवढ्याच दोन अटी. दार, आणि लग्नाचं नाव नाही. हे दोन्ही जमलं तर पोरगी घरी राहणार होती. जेवताना समोर कोणीतरी असणार होतं; 'बाबा, हे काय वाचताय' असं कोणीतरी विचारणार होतं… त्यासाठी सुधाकरनं काय केलं असतं आणि काय नाही.

आधी त्यानं पुस्तक आणलं. बांधकामाच्या नियमांचं, जाडजूड, वकिलांच्या दुकानातून. लाल पेन्सिल घेऊन एका बैठकीत निम्मं वाचलं आणि त्याला वाटलं की अरे, हे तर आपल्याच गावचं कोणीतरी लिहिलंय. पुढे इतकी जागा, मागे इतकी, बाजूला इतकी. वाचताना इतका रमला की आपण खोली बांधायला निघालोय हेच विसरला. मग ते वाक्य आलं. बाजूची मोकळी जागा मोकळीच ठेवावी; ती उजेड आणि वाऱ्यासाठी असते. पुढून-मागून, वरून-खालून, अपवाद, टीप, परिशिष्ट — सगळीकडे शोधून झालं, जशी पूर्वी लोकांसाठी पळवाट बुजवायचा तशी आता स्वतःसाठी शोधली, आणि घरात जागा म्हणावी अशी ती एकच होती, शेजारच्या मटिल्डाबाईंच्या भिंतीच्या आणि आपल्या भिंतीच्या मधली. दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना तो स्वतःशीच मोठ्यानं म्हणाला, "दावा नामंजूर." सुहासिनीनं बाहेरून विचारलं, "टॉवेल हवाय का?"

श्रीपतनं ते पुस्तक हातातसुद्धा घेतलं नाही. खाडीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, आता ठेकेदारी करतो, बोलताना समोरच्याकडे न बघता भिंतीकडे बघतो. "सायेब, सव्वीस जानेवारी शुक्रवारची आली. शुक्रवार, शनवार, रव्वार, हापिसं बंद. मांडव घालू. मांडवाला कोन हात लावनार? शुभकार्य हाय. आत भिंती, वर पत्रा. सोमवारी मांडव उतरला की खोली उभी, आनि तिला चहाचं पानी मारलं की दहा वरसाची दिसंल."

चहाचं पाणी ऐकून सुहासिनीनं चार दिवस चोथा साठवला. पण मांडव म्हटल्यावर ती तडकली होती. "पौषात मांडव? अहो, पौष आहे. कुत्रंसुद्धा लग्न करत नाही पौषात." श्रीपतला हे ठाऊक असणारच; पण ठेकेदाराला पौष नसतो, त्याला फक्त सुट्ट्या असतात. आणि सुधाकरला, नियमांच्या बाबतीत एवढा काटेकोर माणूस, त्याला पंचांग आठवलंच नाही, कारण ते महापालिकेनं छापलेलं नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी बांबू पुरले गेले, कनाती लागल्या. पुढच्या बाजूला, मागच्या बाजूला, आणि मटिल्डाबाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर… तिथं जरा जाडच कापड लावलं श्रीपतनं, पिवळ्यावर लाल फुलांचं. आणि मग एक गोष्ट अशी झाली की जी सुधाकरनं धरलीच नव्हती. सुहासिनीला मांडव आवडला. शुक्रवारी सकाळी तिनं समई घासली. दुपारी आंब्याच्या डहाळ्या आणल्या, 'खरं वाटायला नको का' म्हणत. शनिवारी आत गवंडी विटा लावत होते आणि ही बाहेर बुंदी पाडत होती, आणि तोरण बांधताना स्टुलावर उभी राहून पदरानं डोळे पुसत होती. सुधाकर खाली स्टूल धरून उभा. काय बोलणार — खोटं आहे गं हे? तिलाही माहीत होतं. तरी वाईट वाटलं, तिचं आणि स्वतःचंही, आणि स्टूल जरा घट्ट धरलं.

आता कप खाली ठेवून त्यानं श्रीपतला फोन लावला. मांडव उतरवणारी माणसं आठलाच येणार होती, अजून त्यांचा पत्ता नव्हता.

"सायेब, आज नका उतरवू," श्रीपत म्हणाला. मागे कुठंतरी हातोडे वाजत होते. "गाडी फिरते हाय. सुट्टीत जिथं जिथं मांडव पडले तिथं तिथं बघतात. राहू द्या दोन रोज."

"अरे, पण माझी मुलगी येतेय आज."

"मग काय, चांगलंच हाय की. नवरी पायजेच."

फोन ठेवल्यावर सुधाकर मांडवाच्या मधोमध उभा राहिला. म्हणजे असं. मांडव उतरवला तर खोली जाते, आणि खोली गेली की दार गेलं, दार गेलं की संपदा बंगळूरला. मांडव ठेवला तर फाटकातूनच तिला तोरण दिसणार, समई दिसणार, आईनं रांगोळी घातली असली तर ती दिसणार, आणि मग त्याच पावली… पहिली अट पाळण्यासाठी आपण दुसरी अट मोडलीय, आणि तीही कुठं तोंडून निसटली असं नाही, अंगणात बांबू पुरून. एखाद्या दावेदारानं असा अर्ज केला असता तर मी तो साऱ्या विभागाला वाचून दाखवला असता.

"सुधाकरभाऊ, सरका जरा."

मटिल्डाबाई फाटकातून आत येत होत्या, आणि त्यांच्यामागे त्यांचा वाडीवाला गडी, खांद्यावर केळीचा आख्खा खांब घेऊन. दुसरा खांब फाटकाला टेकवलेला. मटिल्डाबाई सत्तरीच्या, शेजारच्या वाडीच्या मालकीण, त्यांच्या यजमानांनी, जॉयलभाऊंनी, सुधाकरला ही जागा विकली तेव्हा दोन्ही घरांच्या मधून चालत जाऊन सांगितलं होतं, "ही मधली जागा दोघांची. भांडायचं नाही, वारा जाऊ द्यायचा." जॉयलभाऊ गेले, मुलगा ग्लेन कॅनडात, आणि या एकट्या, केळी आणि भाजी बघतात, रविवारी चर्चमध्ये मिस्साला जातात, येताना सुहासिनीसाठी पाव आणतात.

"मांडवाला केळीचे खांब नाहीत, हे काय लग्न?" त्या म्हणाल्या. "मी काल सुहासिनीला विचारणार होते, पण ती कामात. म्हटलं आपणच न्यावेत. कुठं बांधायचे?"

खांबांना घड होते. सुधाकर ते घड बघत राहिला. हिरवे, अजून तयार न झालेले. महिन्याभरानं पिकले असते, बाजारात गेले असते. केळीला एकदाच घड येतो, मग ती तोडतात, एवढं त्याला सांडोरला राहून कळलं होतं. पण घड तयार व्हायच्या आत कोणी तोडत नाही. कोणासाठीही तोडत नाही.

"अहो, कशाला… घडासकट…"

"लग्नात रिकामा खांब बांधतात का?" मटिल्डाबाईंनी गड्याला दोरी दाखवली. "संपदा मला काय परकी? एवढीशी होती तेव्हा माझ्या ओट्यावर बसून भाकरीचा पापुद्रा काढून खायची. बरं केलंत, ईस्टरच्या उपवासकाळाच्या आधी उरकलंत. पुढं मग आमच्यात तरी लग्नं होत नाहीत. आमचा तर हाच मोसम." त्या हसल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "मुलगा कुठला?"

साऱ्या गावात पौष माहीत नसलेली एकच बाई, आणि आपण नेमकी तिचीच खिडकी बुजवली. सुधाकरनं तोंड उघडलं. खरं सांगायचं असं त्यानं ठरवलं होतं, या क्षणी, अगदी नक्की, पण तोंडातून आलं, "ते… ठरेल तसं सांगतो." मटिल्डाबाईंनी मान हलवली, जणू हल्ली मुलगा लग्नानंतर ठरवतात हे त्यांना ठाऊकच होतं, आणि गाठ नीट बसली का ते बघायला पुढं गेल्या.

त्या परत निघाल्या तेव्हा त्यांच्या उघड्या दारातून आत दिसलं — स्वयंपाकघरात दिवा लागलेला. सकाळी साडेनऊला, बाहेर जानेवारीचं लख्ख ऊन असताना, पिवळा बल्ब, आणि त्याखाली ओट्यावर निवडायला घेतलेली भाजी. सुधाकरनं मान वळवली. पण वळवून बघायचं कुठं, दुसऱ्या बाजूला घड होते.

मोटरसायकल थांबली तेव्हा त्यानं आधी फाटकाकडे बघितलं नाही, ओळंब्याकडे बघितलं; थांबलेला असेल तर संपदा. हलत होता. म्हणजे संपदा नव्हे. हेल्मेट काढत एक तरुण माणूस आत आला, थकलेला, चेहऱ्यावर हेल्मेटचे वळ, पाय पुसायला काही आहे का ते शोधत. "नमस्कार काका. मी संग्राम जगदाळे, प्रभाग कार्यालयातून, कनिष्ठ अभियंता. कार्य आहे वाटतं."

"हो," सुधाकर म्हणाला. कार्य तर होतंच. कोणतं, ते त्यानं विचारलं नव्हतं. विचारलेल्यापेक्षा जास्त सांगू नये, हा दावे विभागातला पहिला धडा. फक्त तिथं तो समोरच्यांना आवडत नसे, आणि आज आपणच समोरचे होतो.

सुहासिनी बशीत लाडू घेऊन आली. पदर डोक्यावर नीट होता, नवरीच्या आईसारखा. संग्राम खुर्चीवर बसला, लाडू फोडला.

"मुहूर्त कधीचा?"

"आहे… लवकरच."

"पौष चालू आहे काका."

कनातीमागून ओल्या सिमेंटचा वास येत होता आणि बुंदीत वेलदोडा कितीही घातला असता तरी तो लपला नसता.

"आमचे गुरुजी पनवेलचे आहेत," सुहासिनी म्हणाली. जणू पनवेलला पौष लागतच नाही.

संग्रामनं मान डोलावली. लाडू खाता खाता तो सहज गप्पा मारल्यासारखा बोलू लागला, आणि तेच जास्त भयंकर होतं. "कळंबला एका कॉटेजवाल्यानं बारशाचा मांडव घातलाय. मी म्हटलं, बाळ दाखवा. बाळ मामाकडे गेलंय म्हणे. बोळिंजला गच्चीवर मुंज आहे, पत्र्याच्या शेडमध्ये. बटूला मिशा आहेत. मी काय बोलणार? माझ्या आईनं मला सांगितलंय, कोणाच्या शुभकार्यात मोडता घालू नको. आणि मांडव आमच्या खात्यात येतही नाही." तो उठला, हात पुसले. "मांडवाच्या आत जे असतं ते येतं."

आणि तो कनातीकडे निघाला. पिवळ्यावर लाल फुलांची. त्याचा हात वर गेलेला सुधाकरनं बघितला, आणि मनात, अगदी मनात, कुठंतरी हलकं वाटलं… उचल. उचल बाबा, एकदाची. नियम असतो तेव्हा तो कोणीतरी सांगायला हवा, आणि सांगितला की माणूस मोकळा होतो…

"ओ साहेब." मटिल्डाबाई. कुंपणापलीकडून, हातात विळी. "तिथं नाही जायचं. नवरीची हळद दळून ठेवलीय आत. हळद लागेस्तोवर पुरुषांनी बघायची नसते."

संग्रामचा हात थांबला. त्यानं सुधाकरकडे बघितलं. सुधाकरनं सुहासिनीकडे. अशी कुठलीही रीत नव्हती. निदान सुहासिनीला माहीत नव्हती, आणि तिला माहीत नसलेली रीत म्हणजे… पण ती म्हणाली, "हो ना," आणि मान खाली घातली. संग्राम देशावरचा, वसईत असेलही बाबा काही, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलं. किंवा उमटवलं त्यानं. तो मटिल्डाबाईंकडे जरा वेळ बघत होता, आणि त्या त्याच्याकडे, विळी धरून.

एवढ्यात फाटक वाजलं. संपदा. खांद्याला लॅपटॉपची बॅग, हातात चाकांची पेटी, आणि पेटीचं एक चाक सुहासिनीच्या रांगोळीत.

ती तोरणाकडे बघत होती. मग केळीच्या खांबांकडे. मग समईकडे, मग आईच्या डोक्यावरच्या पदराकडे. सुधाकरला वाटलं, आता ही एकेक गोष्ट मनात मांडून ठेवतेय, बेरीज झाली की वळणार.

"तुम्ही पाहुण्या का?" संग्रामनं विचारलं.

"मी यांची मुलगी."

"म्हणजे नवरी."

आता. सुधाकरनं डोळे मिटले. एका शब्दाचं काम होतं. 'नाही' म्हणाली की कनात वर आणि खोली खाली. आणि तिनं 'नाही' का म्हणू नये, ती काय माझ्यासारखी आहे, ती तर लहानपणी शाळेत बाईंना सांगायची की गृहपाठ बाबांनी केलाय…

"असं दिसतंय खरं," संपदा म्हणाली.

संग्रामनं अभिनंदन केलं. सुहासिनीनं त्याला जाताना लाडू बांधून दिले, आणि ते त्यानं नको-नको म्हणत घेतले, आणि फाटकापाशी हेल्मेट चढवताना म्हणाला, "काका, मांडव उतरला की येतोच मी. आहेर काही आणणार नाही." मग मोटरसायकल बराच वेळ सुरू झाली नाही, तोपर्यंत सगळे चौघे तसेच उभे, फोटो काढायला उभे राहतात तसे.

शेवटी गाडी गेली. आणि मग संपदानं पेटीचा दांडा आत ढकलला, शांतपणे.

"मुलगा कोण आहे?"

"तू अजून चहा घेतला नाहीस," सुहासिनी म्हणाली.

"बाबा. मुलगा कोण आहे?"

"मुलगा नाही गं," सुधाकर म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक आला की त्याला स्वतःलाच तो ओळखीचा वाटला नाही. "खोली आहे."

त्यानं कनात उचलली. तिला आत नेलं. चार भिंती, नवा गिलावा, वर पत्रा, खाली वाळू अजून पसरलेली. आणि दार. फणसाच्या लाकडाचं, जुन्या बाजारातून स्वतः हाताळून, कान लावून, ठोकून आणलेलं. श्रीपतला हे दार कळलंच नव्हतं, तो प्लायवूडचं म्हणत होता. "बघ," सुधाकर म्हणाला, आणि त्यानं दार लावून दाखवलं. कडी घातली. किती छान बसली कडी.

अंधार झाला. ठार अंधार, बापलेक एकमेकांना दिसेनात. त्यानं भिंतीवर बटण चाचपलं; बटण होतं, वीज यायची होती.

"बाबा," अंधारातून संपदा म्हणाली, "खिडकी?"

"खिडकी…" पलीकडे हातभरावर मटिल्डाबाईंची भिंत होती, खिडकी काढली असती तर ती त्यांच्या खिडकीत उघडली असती. "खिडकी नियमात बसत नाही."

हसू. दाबलेलं, मग न दाबलेलं, मग असं की भिंतीला टेकायला लागलं तिला, ओल्या गिलाव्याला, आणि 'ई' म्हणून पुन्हा हसली. सुधाकरही हसला, काय करणार. पण हसता हसता त्याचा कान तिच्याकडे होता. ही पोरगी परत जाणार असते तेव्हाही अशीच हसते. पुण्याला गेली त्या दिवशीही हसत होती.

कडी काढून बाहेर आले तर मटिल्डाबाई कनातीशी उभ्या. पदराला नव्हे, एप्रनला हात पुसत.

"झालं दाखवून?" त्यांनी विचारलं. कोणाला, ते कळलं नाही. मग संपदाच्या गालावर हात फिरवला. "बारीक झालीस. मीटिंग आहे ना तुझी? आई म्हणाली. ये माझ्याकडे. ग्लेनची खोली उघडते. पडूनच आहे. दार आहे, वाडीकडे खिडकी आहे, टेबलसुद्धा आहे त्याचं."

"चालेल, मावशी?"

"न चालायला काय. माणसाचा आवाज तरी येईल घरात."

संपदानं घड्याळ बघितलं, बॅग उचलली आणि निघालीसुद्धा. पेटी इथंच राहिली. सुधाकरनं ते लगेच धरून ठेवलं, पेटी इथं आहे. मग असंही वाटलं की पेटी पाहुणेसुद्धा ठेवतात.

"बाबा, दार मस्त आहे," ती फाटकातून म्हणाली. "राहायचं काय ते बघते."

मटिल्डाबाई मागे रेंगाळल्या. कनातीची एक दोरी सुटली होती, ती त्यांनी पुन्हा बांधली, घट्ट, स्वतःच्याच खिडकीसमोरची. सुधाकर म्हणाला, "मटिल्डाबाई, तुमच्या स्वयंपाकघरात…"

"दिवा लावावा लागतो. त्याचं काय एवढं," त्या म्हणाल्या. "लग्नघर आहे. चार दिवस चालायचंच." आणि त्याच्याकडे बघितलं. रागानं नाही. रागानं असतं तर बरं होतं, रागाला उत्तर देता येतं, त्यात त्याचा जन्म गेला होता. त्या नुसत्या बघत होत्या, पौष माहीत नसलेली बाई बघते तशा नाही, आणि मग घरी गेल्या. किती दिवस, ते त्यांनी विचारलं नाही.

दुपारी सुहासिनी आडवी झाली. सुधाकर बांबूवरचा ओळंबा सोडवून खोलीत आला; श्रीपतची वस्तू, हरवायला नको. दार थोडं उघडं ठेवलं, त्यातून उजेडाची एक पट्टी. वाळूवर पाट टाकून बसला. भिंतीपलीकडून आवाज येत होते. भांडं ठेवल्याचा. चमच्याचा. मग संपदाचा, ग्लेनच्या खोलीतून आलेला, स्वयंपाकघरात थांबलेला, "मावशी, भर दुपारी दिवा लावून काय करताय?" आणि उत्तर ऐकू आलं नाही, पण नंतर दोघी हसल्या. दार लावून बसायला पाहिजे म्हणणारी मुलगी दार उघडून बाहेर आली होती. तिथं.

त्यानं तळवा भिंतीवर ठेवला. गार, ओलसर. श्रीपत म्हणाला होता, सायेब, हिला पानी मारत राहा, सुकली की मग घन घातला तरी हलायची नाय. अजून सुकली नव्हती. आत्ता कोणी पहारीनं… मी काय म्हणतोय? संपदाला राहायला पाहिजे म्हणून बांधली ना ही? ती राहिली तर? पण ती राहिलीच तर त्या बल्बखाली राहायचं त्या बाईनं, जिनं तिच्यासाठी घड तोडले आणि साहेबाला हळद सांगितली… आणि मी त्या बाईला काय सांगू? लग्न नाही म्हणून? ते तिला माहीत आहे. खिडकी बुजवली म्हणून? तीही तिलाच माहीत आहे, तिची आहे खिडकी. मग उरलं काय सांगायचं? आणि तरी जाऊन तिच्यासमोर उभं राहून ते म्हणायला हवं होतं, आणि सकाळपासून ज्याला आपण घाबरत होतो तो लाडू घेऊन केव्हाच गेला होता, तरी भीती होती तिथंच होती. महापालिकेची नव्हतीच ती. त्याला रडू आल्यासारखं झालं, आणि त्याचं त्यालाच ते हास्यास्पद वाटलं, वाळूत बसून, हातात पितळेचा गोळा.

ठीक आहे. त्यानं दोरी बोटात धरली आणि ओळंबा भिंतीलगत सोडला. भिंत सरळ होती, कुठून नाव ठेवायला जागा नव्हती. आता नियम असा — हा थांबला की उठायचं, चप्पल घालायची, मटिल्डाबाईंकडे जायचं आणि बोलायचं. थांबायच्या आत नाही. थांबला की लगेच.

पलीकडे फोडणी बसली. वास आला, मेथीचा. संपदा काहीतरी म्हणाली, मटिल्डाबाई काहीतरी म्हणाल्या. ओळंबा भिंतीपासून केसभर लांब, इकडे… तिकडे… इकडे. सुधाकर श्वास धरून बघत होता. खोलीत वारा नव्हता. असायचं कारणच नव्हतं, चारी बाजूंनी आपणच बांधलेलं. मग हा हलतो कशानं, असं त्याला वाटलं, आणि त्यानं वर, दोरी धरलेल्या आपल्या बोटांकडे बघितलं.

ती थरथरत होती. त्यानं दुसरा हात लावला. दोन्ही हातांनी धरलं, घट्ट, आणि पुन्हा बघू लागला.